मेहर महिन्याची अठ्ठावीस तारीख

डिसेंबर १९९८ मधल्या एका गुरुवारी सकाळी पावणेअकरा वाजता, औरंगाबादच्या चेलीपुऱ्यातल्या आपल्या गॅरेजात, फारूख मिस्त्रीने एका एकावन्न वर्षं जुन्या गाडीच्या व्होल्टेज रेग्युलेटरचं झाकण काढलं, उलटं केलं, उजेडात धरलं आणि तसाच उभा राहिला.

"बद्रीसाहेब, ही गाडी तुमच्या वडिलांनी नवीकोरी घेतली होती ना?"

"मुंबईहून. सत्तेचाळीस साली. किती वेळा सांगायचं?"

"आणि ही पेटी कधी कुणी उघडली नाही?"

"तात्यांनी हात लावू दिला नाही कुणाला."

"मग माझ्या अब्बांचं अक्षर यात कुठून आलं?"

बद्रीनाथ मिसाळ हसले. फारूख चेष्टा करतोय असं त्यांना वाटलं. फारूख हसला नाही.

गाडी गडद हिरव्या रंगाची, चार दारांची, विलायती बनावटीची होती. बद्रीनाथ वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागाचे प्रमुख होते. कामगार म्हणत, मिसाळसाहेबांसमोर माल न्यायचा म्हणजे सासऱ्यासमोर पोरगी दाखवायची. गाडीच्या बाबतीत ते याहून कडक होते. तिचे टायर आणि बॅटरी सोडून सगळं मूळचं होतं, आणि प्रत्येक स्क्रूची खाच कुठल्या दिशेला आहे याची त्यांच्याकडे वही होती. जुन्या गाड्यांच्या रॅलीत 'मूळ स्थितीतली, एकाच घराण्याची' असा एक वर्ग असे. सलग तीन वर्षं त्या वर्गाची ढाल समर्थनगरच्या त्यांच्या घरी आली होती. चौथी रॅली येत्या रविवारी होती.

ढालीइतकीच त्यांची गोष्टही प्रसिद्ध होती. दर वर्षी आयोजक त्यांच्या हातात माईक देत आणि बद्रीनाथ सांगत: "मी तेव्हा जेमतेम साडेतीन वर्षांचा. नव्या गाडीतून तात्यांच्या मांडीवर बसून मुंबईहून निघालो. कसाऱ्याच्या घाटात धूर झाला. इगतपुरीला रेडिएटरमध्ये पाणी घातलं, आणि तिथंच मला उलटी झाली. तात्यांनी धोतराच्या सोग्यानं माझं तोंड पुसलं. माझ्या आयुष्यातली ही पहिली आठवण." लोक टाळ्या वाजवत. मागच्या वर्षी एका बाईंनी डोळे पुसले होते.

तात्यासाहेब सात वर्षांपूर्वी गेले. गाडीबद्दल त्यांचे दोन नियम होते. एक, गाडी जपायची असते, वापरायची नसते. ते दर गुरुवारी ती चालू करून दहा मिनिटं उभी ठेवत आणि स्वतः मात्र एसटीने फिरत. दुसरा, दुरुस्ती निघालीच तर जालन्याला न्यायची. "इथले मिस्त्री ओरिजनलचं वाटोळं करतात," असं ते म्हणत. बद्रीनाथांनी हा दुसरा नियम पहिल्यांदाच मोडला होता, कारण जालन्याचा मिस्त्री वारला होता आणि हेडलाइटचे दोन बल्ब एका आठवड्यात उडाले होते. फारूखने मीटर लावून पाहिलं. इंजिनाचा वेग वाढवला की व्होल्टेज सतरावर जात होतं. रेग्युलेटरची कॉइल आतून जळाली होती.

"नवा रेग्युलेटर लावायचा नाही," बद्रीनाथांनी बजावलं होतं.

"लावत नाही. पेटी हीच, झाकण हेच, स्क्रू हेच. जुनी कॉइल आतच राहील, शोभेला. तिच्या मागे बोटाएवढं इलेक्ट्रॉनिक सर्किट बसवतो. या गाडीत पॉझिटिव्ह बॉडीला आहे, बाजारातलं तयार सर्किट चालणार नाही, जळून जाईल. मी स्वतः जोडतो. एक भोक पाडणार नाही. उद्या वाटलं तर काढून टाका, गाडी होती तशी."

एवढं ठरल्यावरच झाकण निघालं होतं.

"कुठंय अक्षर?" बद्रीनाथांनी विचारलं.

काळ्या पत्र्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, सुईने कोरलेल्या उर्दूच्या तीन ओळी होत्या. खाचांमध्ये गंज चढला होता.

"आमच्या घरची पद्धत आहे," फारूख म्हणाला. "गॅरेजात चार गाड्यांच्या पेट्या एकदम उघड्या असतात, झाकणं सारखी दिसतात, अदलाबदल होते. म्हणून अब्बा आतून लिहायचे. मालकाचं नाव, इंजिनाचे शेवटचे चार आकडे आणि सेटिंग केल्याची तारीख. मीपण लिहितो, हे बघा." त्याने बाकावरचं एका जीपचं झाकण उलटं केलं. आत तशाच तीन ओळी होत्या, ताज्या, चमकणाऱ्या.

"वाचा."

"वजीरुद्दीन सेठ, सिल्लोड. इंजन अडतीस-चौदा. अठ्ठावीस मेहर, तेराशे सत्तावन्न."

"हे काय आहे?"

"फसली साल. निजामाच्या राज्यात तेच चालायचं. त्यात पाचशे नव्वद मिळवा. मेहर वर्षाच्या शेवटाला येतो, म्हणून आणखी एक."

बद्रीनाथांनी खिशातलं पेन काढून तळहातावर बेरीज केली. १९४८. फारूखने महिने बोटांवर मोजले आणि सांगितलं, सप्टेंबरचा पहिला आठवडा. म्हणजे भारतीय फौज निजामाच्या राज्यात शिरली त्या पोलिस ॲक्शनच्या दहाएक दिवस आधी.

"झाकण बदललं असेल," बद्रीनाथ लगेच म्हणाले. "तुम्हीच म्हणालात अदलाबदल होते. जालन्याला कुणीतरी—"

"असेल ना. इंजिनाची पट्टी बघा की."

बद्रीनाथांना गाडीचे सगळे क्रमांक पाठ होते. तरीही ते वाकले. रुमालाने पट्टी पुसली, चष्मा कपाळावर चढवला आणि एकेक आकडा नखाखाली धरून वाचला. तीन, आठ, एक, चार. कारखान्यात संशयाचा माल आला की ते तीनदा मोजत. इथंही तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर ते फेंडरला धरून खाली बसले. फारूखने स्टूल पुढे सरकवलं ते त्यांना दिसलं नाही.

"सेकंडहँड घेतली असेल तात्यासाहेबांनी," फारूख म्हणाला. "त्यात काय एवढं? मोठी माणसं थोडं वाढवून सांगतात."

"फारूखभाई, मी त्या गाडीत होतो. मुंबईहून येताना. मला आठवतंय."

फारूखने झाकण एका स्वच्छ फडक्यावर ठेवलं, अक्षरं वर करून.

*

मनकर्णाबाई मागच्या ओसरीवर मेथी निवडत होत्या. वय शहात्तर. नजर शाबूत होती, कान थोडे जड झाले होते. मुलगा कामाच्या दिवशी दुपारी घरी आलेला पाहून त्यांनी विचारलं, "बरं वाटत नाय का रे?"

"माय, वजीरुद्दीन कोण?"

मेथीची काडी हातात तशीच राहिली. पन्नास वर्षांत हे नाव या घरात कुणी उच्चारलेलं बद्रीनाथांनी ऐकलं नव्हतं, आणि तरीही त्यांच्या आईने 'कोण?' असं परत विचारलं नाही. जे समजायचं ते बद्रीनाथांना तिथंच समजलं. बाकीचा फक्त तपशील होता.

"कोणी सांगितलं तुला?"

"गाडीतच लिहिलेलं निघालं. मिस्त्रीनं कोरून ठेवलंय, झाकणाच्या आत."

"आतून व्हय?" त्या म्हणाल्या. "अन् तुझे तात्या जनमभर वरून पुसत बसले."

मग त्यांनी सांगितलं. न रडता, मेथी निवडत.

"वजीरशेठची सिल्लोडला कापसाची आडत व्हती. तुझे तात्या अन् ते, दोघं एका ताटात जेवायचे. पोलिस ॲक्शन झाली अन् आठव्या दिवशी सकाळच्याला शेठ आपल्या फुलंब्रीच्या मळ्यात आले. ते मोटारीत, बायकापोरी बैलगाडीत. म्हणले, तात्या, गावागावात काय चाललंय तुला ठावं. मोटारीनं गेलो तं आम्ही कोण ते लांबूनच कळंल. आठ दिवस ठेव. चावी तात्याच्या हातात दिली अन् बैलगाडीत बसून बऱ्हाणपूरकडं गेले."

"मग?"

"मग काय? आठ दिवस, आठ महिने, वरीस. शेठ मेले का जगले, काय कळंना. मोटार आधी कडब्याखाली व्हती. मग बाहेर काढली. लोकं विचारू लागले, तं म्हणले मुंबईहून आणली. कागद विचारले, तं म्हणले ॲक्शनच्या धांदलीत गेले."

कागदांचं हे उत्तर बद्रीनाथ स्वतः रॅलीच्या अर्जावर तीन वर्षं लिहीत आले होते. याच शब्दांत.

"बावन्न साली पत्र आलं. शेठ परत आले व्हते सिल्लोडला. अंगावरून वारं गेलेलं, जागचं उठता येत नव्हतं. पोरगी येती म्हणले, मोटार बघाया."

"तात्यांनी दिली का नाही?"

मनकर्णाबाईंनी मुलाकडे पाहिलं. "तुला काहीच आठवत नाय?"

"मला काय आठवायचं?"

"पत्र आल्यावर आठ दिवस रोज सांजच्याला तात्या तुला मोटारीत बसवायचे. मांडीवर. अन् सांगायचे. कसारा, इगतपुरी, धूर निघाला, पाणी घातलं. तू आठ वर्साचा व्हतास. चुकलास की पुन्हा पहिल्यापासून. मी माजघरातून ऐकायचे." त्यांनी निवडलेली मेथी बाजूला सारली. "ती पोरगी आली. टांग्यानं, एकटी. तात्या म्हणले, तुमची मोटार लष्कराच्या गर्दीत गेली, ही माझी. तिला पटंना. मग तुला हाक मारली. बद्री, ताईला सांग आपण मोटार कशी आणली. तू उभा राहून सगळं सांगितलंस. एक शब्द चुकला नाय. लई गुणाचा साक्षीदार माझा."

मग बद्रीनाथ जे बोलले ते एखाद्या लहान मुलाने बोलावं तसं होतं.

"पण मला उलटी झाली होती, माय. तात्यांनी धोतरानं तोंड पुसलं. मला त्या धोतराचा वास आठवतो."

"उलटी खरी. पैठणच्या बसात झाली व्हती, नाथषष्ठीला चाललो तवा. धोतर बी खरं. ते तात्यानं मधी घातलं. म्हणले, पोरगं खरं असंल तेवढं नीट सांगतं, त्याच्या आधारानं बाकीचं निभून जाईल. तू पहिल्यांदा इगतपुरी पाहिली ती कालेजात असताना. त्याच्या आधी नाशकाच्या पुढं आपल्या घरचं कोणी गेलं नव्हतं."

"तू एकदाही बोलली नाहीस."

"पहिल्या वर्सी तू माईकवर सांगितलंस, तवा बोलणार व्हते. लोकं टाळ्या वाजवू लागले. तू लई खुशीत व्हतास."

*

शनिवारी सकाळी बद्रीनाथ गॅरेजात आले तेव्हा सर्किट तयार होतं. फारूखने ते जुन्या कॉइलच्या मागे बसवलं, मूळच्याच तारा मूळच्याच स्क्रूंखाली दाबल्या आणि गाडी चालू केली. मीटरचा काटा चौदाच्या थोडा पुढे जाऊन थांबला. वेग वाढवला. काटा हलला नाही.

"उघडून बघितल्याशिवाय कुणी ओळखणार नाही," तो म्हणाला. "परीक्षक झाकण काढतात का?"

"नाही. वरून बघतात."

"मग ढाल तुमचीच." फारूखने आपली सुई काढली. झाकण उलटं करून मांडीवर घेतलं, वडिलांच्या तीन ओळींखाली बोट ठेवलं. जागा होती. "बद्रीसाहेब, मी लिहिल्याशिवाय झाकण लावत नाही. गाडी अंबानीची असो का कडूबाची. नाव काय टाकू?"

दोन दिवसांत बद्रीनाथांनी हाच प्रश्न स्वतःला अनेक तऱ्हांनी विचारला होता. रॅलीच्या अर्जावर 'पहिला मालक' असा रकाना होता. तिथं तात्यासाहेबांचं नाव लिहून अर्ज सोमवारीच गेला होता. नंतर केलेले सगळे कागद त्यांच्या बाजूने होते. आईशिवाय कुणाला काही माहीत नव्हतं. फारूख बोलणारा नव्हता. झाकण नवीन करून मिळालं असतं, हुबेहूब. कारखान्यात त्यांनी असले शेकडो हुबेहूब भाग परत पाठवले होते.

"नाव टाकू नका," ते म्हणाले. "नाव आहे तिथं. खाली आजची तारीख टाका फक्त."

फारूखने मान वर केली नाही. तारीख कोरली, फुंकर मारली, झाकण बसवलं. स्क्रूच्या खाचा वहीतल्या खुणेप्रमाणे लावल्या. मग म्हणाला, "सिल्लोडला माझी सासुरवाडी आहे. वजीरसेठच्या घरात आता त्यांची मुलगी एकटीच राहते. सगीराआपा. उर्दू शाळेत शिकवायची. पत्ता लिहून देऊ?"

*

रविवारी सकाळी आठला रॅलीच्या आयोजकांचा फोन आला. "मिसाळसाहेब, निघालात ना? यंदा तुमची इगतपुरी आम्ही शेवटी ठेवलीय. लोक त्याचीच वाट बघतात हो."

"गाडी येणार नाही," बद्रीनाथ म्हणाले आणि फोन ठेवला.

साडेदहाला ते सिल्लोडच्या एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी करून खाली उतरले. सगीराआपा साठीच्या पुढच्या, उंच, पांढरी ओढणी नीट डोक्यावरून घेतलेल्या. दारात त्या उभ्या राहिल्या त्या बद्रीनाथांना ओलांडून गाडीकडे बघत.

"तुम्ही तात्यासाहेबांचे," त्या स्वच्छ मराठीत म्हणाल्या. "छोटा बद्री."

"ओळखलंत?"

"तुम्हाला नाही, गाडीला ओळखलं. या गाडीपायी मी एकदा फार मोठी चूक केली होती, भाई. आत या."

"आत येत नाही. आधी ऐका. तेव्हा मी तुम्हाला जे सांगितलं ते खोटं होतं."

"काय सांगितलंत?"

"मुंबई. इगतपुरी."

सगीराआपा हसल्या. अगदी शाळेतल्या बाईंसारख्या. "नाही हो. तुम्ही कुणाच्या बोलण्यात आलात. मी पस्तीस वर्षं पोरं शिकवली. पढवलेलं पोर भराभरा बोलतं. तुम्ही उलटीचं सांगताना लाजला होतात. धोतराचा वास सांगितलात. असं कुणी पढवतं का? तिथंच मला कळलं की गाडी तुमचीच. आमची दुसरी कुठली तरी असणार."

बद्रीनाथांनी बॉनेट उघडलं. स्क्रू-ड्रायव्हर त्यांनी खिशात आणला होता. दोन स्क्रू काढून त्यांनी झाकण उलटं केलं आणि सगीराआपांच्या हातात दिलं.

त्यांनी चष्मा लावला. पहिली ओळ वाचली. मग झाकण उन्हात तिरपं करून पुन्हा वाचली. त्यांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. गल्लीतून एक सायकल गेली. समोरच्या घरातून कुणीतरी "आपा, कौन है?" असं विचारलं.

"हे चेलीपुऱ्यातल्या जहांगीर मिस्त्रीचं अक्षर," शेवटी त्या म्हणाल्या. "अब्बांच्या बरोबर मी होते त्या दिवशी. मी मिस्त्रींना विचारलं होतं, आत का लिहिता, दिसणार कुणाला? ते म्हणाले, जो उघडेल त्याला."

"गाडी तुमची आहे, आपा. चावी आणली आहे. कागद करून देतो."

त्यांनी चावीकडे पाहिलंच नाही. हातातल्या झाकणावरून नजर न काढता त्या बोलू लागल्या.

"मी त्या दिवशी घरी आले आणि अब्बांना सांगितलं, गाडी ती नव्हे. लहान मुलानं सांगितलं, ते खोटं बोलत नाही. अब्बा खूप रडले. गाडीसाठी नाही. म्हणाले, दोस्तावर आळ घेतला. दोन महिन्यांनी गेले. जायच्या आधी माझ्याकडून तात्यासाहेबांना पत्र लिहवून घेतलं. माफीचं. मला त्यातली ओळन् ओळ आठवते. 'आम्ही तुमच्या दारात संशय घेऊन आलो, तुम्ही मोठ्या मनानं विसरून जा.' त्याचं उत्तर आलं नाही." त्यांनी मान वर केली. "पत्र पोहोचलं नसेल. त्या दिवसांत टपालाचा काय भरवसा? पोहोचलं असतं तर..."

वाक्य पुरं करण्याचं काम त्यांनी बद्रीनाथांवर सोडलं होतं, आणि 'हो, नसेल पोहोचलं' एवढं म्हणून त्यांना ते पुरं करता आलं असतं.

बद्रीनाथांच्या डोळ्यांसमोर दर गुरुवारची ती दहा मिनिटं आली. तात्यासाहेब बाहेरून हात घालून गाडी चालू करायचे आणि शेजारी उभे राहायचे. आत बसत नसत. पाऊस असला तर छत्री घेऊन उभे राहत. मुलाला शिकवून झाल्यावर, त्या बावन्न सालानंतर, मरेपर्यंत ते त्या गाडीत एकदाही बसले नव्हते. घरात याला काटकसर म्हणत. पण असा बाहेर उभा राहतो तो माफीचं पत्र वाचलेला माणूस.

"पोहोचलं होतं," बद्रीनाथ म्हणाले.

चावी त्यांनी उंबरठ्यावर ठेवली. झाकण सगीराआपांच्या हातात होतं, ते परत मागायला त्यांना धीर झाला नाही. एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागताना त्यांनी एकदा मागे पाहिलं. बॉनेट उघडंच होतं, रेग्युलेटरची पेटी उघडीच होती, आणि जळक्या कॉइलच्या मागे बसवलेलं नवं सर्किट उन्हात स्पष्ट दिसत होतं.